बेसची घरघर आणि मूस साहेबांची वेधशाळा

गेल्या गॅदरिंगला आमच्या बँडची गाणी ज्यांनी ऐकली त्यांना बेस गिटार नीट ऐकू आली असेल. पण आदल्या आठवड्यात हॉलवर आमची प्रॅक्टिस ज्यांनी सहन केली त्यांना बेस कमी आणि घरघर जास्त ऐकू आली होती. हा लेख त्या घरघरीवर आहे, आणि तिच्या निमित्ताने मला कळलेल्या एका माणसावर आहे. हा माणूस १९३६ सालीच गेला. बेस गिटारशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही माझी घरघर त्याच्यामुळेच थांबली, म्हणून त्याचं चरित्र सांगायचं मी मनावर घेतलंय.

झालं असं की आमची बेस म्हणजे होस्टेलची वडिलोपार्जित इस्टेट. एक सीनियर पास होऊन जाताना ठेवून गेला, तेव्हापासून ती खोलीखोलीतून फिरतेय. तिला एकच सिंगल कॉइल पिकअप. स्टेजवर अॅम्प चालू केला की पंपहाऊसमध्ये उभं राहिल्यासारखा आवाज. सगळ्यांनी निदान केलं की पिकअप गेला. नवीन पिकअपसाठी वर्गणी काढायचं ठरलं आणि मी सोल्डरिंग आयर्न गरम करून बेसचं पोट फाडायला बसलो. तेवढ्यात आमचे लॅबचे सर आले. त्यांनी एवढंच विचारलं की ही बेस दुसऱ्या जागी नेऊन वाजवून पाहिलीस का? मी अर्थातच नव्हती पाहिली. सर म्हणाले, आयर्न बंद कर, आणि अलिबागला वेधशाळा का आहे ते आधी वाचून ये.

अलिबागला आपण सगळे जातो. किनारा, भरती-ओहोटी बघून कुलाबा किल्ला, मग वडापाव आणि परतीची एसटी. किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेची पाटी मीही कितीदा पाहिली होती. आत काय चालतं हे विचारायची बुद्धी कधी झाली नव्हती. ती वेधशाळा नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी उभारली.

मूस साहेबांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. ही तारीख लक्षात ठेवा, कारण तिच्या आठच आठवडे आधी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर जबरदस्त चुंबकीय वादळ झालं होतं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली होती. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधलेली वेधशाळा होती आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापं घेतली जात होती. त्या वादळाची नोंद तिथे झाली. पुढे ज्याने हे नोंदींचं घराणं वाचवायचं होतं, तो मुलगा दोन महिन्यांनी जन्माला आला.

मूस पारशी. शिक्षणाने ते आपल्याच जातीचे, म्हणजे इंजिनिअर! त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंग पुण्यात केलं आणि मग एडिंबरो विद्यापीठात जाऊन बी.एस्सी. केली. परत आल्यावर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. साहेबाच्या राज्यात, सरकारी शास्त्रीय खात्यात ही गोष्ट साधी नव्हती. १८९८ मध्ये त्यांच्याच काळात कुलाब्याला भूकंपमापक यंत्रही बसलं.

आता ही वेधशाळा मोजत काय होती ते आपल्या भाषेत सांगतो. एक चुंबक बारीक धाग्याने टांगायचा. त्याला आरसा लावायचा. आरशावरून परतणारा प्रकाशाचा किरण फोटोच्या कागदावर पाडायचा. पृथ्वीचं क्षेत्र जरा बदललं की चुंबक किंचित वळतो आणि कागदावर रेघ हलते. आपल्या भागात या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे, आणि त्याचा रोजचा चढउतार साधारण पन्नासच्या आसपास. म्हणजे हजारात एक-दीड भागाची हालचाल टिपायची, तीही रात्रंदिवस आणि वर्षानुवर्षं. मूस साहेब आले तेव्हा अशी पन्नास वर्षांची नोंद तिथे जमा झाली होती.

आणि मग शहराला विजेची ट्राम आणायचं ठरलं.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती. विसावं शतक उजाडता उजाडता तिच्या जागी विजेची ट्राम आणायच्या हालचाली सुरू झाल्या. आता इलेक्ट्रिकलवाल्यांनी कान टवकारा. ट्राम चालते डीसीवर. करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळातून परत जातो. रूळ जमिनीला टेकलेले असल्याने त्यातला काही करंट जमिनीत झिरपतो आणि वाटेल तसा फिरतो. प्रत्येक ट्राम सुटली-थांबली की तो बदलतो. त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही बदलतं. टांगलेल्या चुंबकाला बिचाऱ्याला काय कळणार की हे सूर्यामुळे झालं की ट्राममुळे?

मूस साहेबांपुढे काय काय उपाय होते? यंत्र लोखंडी पेटीत बंद करून वाचवता आलं नसतं. कारण ट्रामचं क्षेत्र अडवणारी पेटी पृथ्वीचं क्षेत्रही अडवणार, मग मोजायचं काय? नवं, जास्त चांगलं यंत्र आणून उपयोग नव्हता. ते ट्रामही जास्त चांगली मोजणार! लाखो लोकांची सोय बघता ट्राम नको म्हणणंही बरोबर नव्हतं. उरला एकच मार्ग. यंत्राला दोष न देता जागा सोडायची.

पण कुठे जायचं? फार लांब गेलं तर पन्नास वर्षांच्या नोंदीशी नातं तुटणार, कारण क्षेत्र जागेप्रमाणे बदलतं. फार जवळ राहिलं तर ट्राम पोचणार. त्यांनी निवडलं अलिबाग. कुलाब्यापासून समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटर. ना रूळ, ना कारखाने. गंमत बघा, तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं, ते १९८१ मध्ये रायगड झालं. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघाली आणि कुलाबा जिल्ह्यात आली. टपालखात्याची काय अवस्था झाली असेल देव जाणे.

अलिबागची इमारत बांधताना त्यांच्यातला सिव्हिल इंजिनिअर कामी आला. आपल्याकडचा काळा दगड चालणार नव्हता, कारण बेसॉल्टमध्ये लोहाची चुंबकीय खनिजं असतात. म्हणून पोरबंदरचा दगड आणला. लोखंडी खिळा, बिजागरी, कडी काही नाही. त्या जागी तांबं आणि पितळ. खोलीचं तपमान फार वरखाली होणार नाही अशी रचना, कारण तपमान बदललं की टांगलेल्या चुंबकाची ताकदही बदलते. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे पायाखाली सगळा बेसॉल्ट, तिथे लोहाशिवाय घर बांधायचं म्हणजे काय, हे सिव्हिलच्या मित्रांनी आमच्यापेक्षा जास्त समजून घ्यावं.

१९०४ मध्ये अलिबागला कामकाज सुरू झालं. आणि इथे मूस साहेबांनी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मापं घेतली. डबल काम, डबल माणसं, डबल आकडेमोड, आणि कॅल्क्युलेटर नाही! कशासाठी? तर दोन जागांमधला फरक नक्की किती, हे कळावं आणि जुनी नोंद नव्या नोंदीला सांधता यावी यासाठी. ती जोडणी पक्की झाल्यावर कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा वेधशाळा सुखरूप अलिबागला होती. १९२५ मध्ये विजेची लोकल आली, तेव्हाही तिला धक्का लागला नाही. ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागची नोंद अजून चालू आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते आणि त्या संस्थेचं मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

१९१० मध्ये मूस साहेबांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांचं विवेचन दोन जाड खंडांत छापलं. अनेक वादळांच्या नोंदी एकत्र मांडून वादळाचा सरासरी आकार कसा असतो ते त्यांनी दाखवलं. १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि २० फेब्रुवारी १९३६ ला वारले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ च्या त्या वादळाची तीव्रता काढली, तेव्हा त्यांनी कुलाब्याचीच नोंद वापरली. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. एवढ्या जुन्या नोंदीशी आजच्या आकड्यांची तुलना होऊ शकते, ती त्या दोन वर्षांच्या डबल मेहनतीमुळे.

आता परत आमच्या बेसकडे.

पिकअप म्हणजे काय? चुंबक, आणि भोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. तार कंप पावली की वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं. पण बाहेरून बदलतं क्षेत्र आलं तरी तेच होतं. पिकअपला मूस साहेबांच्या चुंबकासारखंच कळत नाही की हे गाणं की मेन्स. आपली मेन्स ५० हर्ट्झची. बेसची सर्वात जाड ई तार ४१ हर्ट्झ, ए तार ५५, आणि ई वरचा तिसरा फ्रेट म्हणजे जी, ४९ हर्ट्झ. म्हणजे घरघर आपल्या सुरांच्या मधोमधच बसलीय. टोनचं बटण फिरवून ती जात नाही, कारण ते फक्त वरची कंपनं कापतं.

सर म्हणाले तसं मी आयर्न बाजूला ठेवून तपासत गेलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. ती यादी सगळ्यांसाठी देतो.

पहिलं, गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर तशीच राहिली तर गिटार निर्दोष आहे. केबल, अॅम्प किंवा अर्थिंग बघा.

दुसरं, गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. घरघर एका दिशेला वाढते आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ जाते का? मग बाहेरचं चुंबकीय क्षेत्र थेट कॉइलमध्ये घुसतंय. आतून तांब्याची पट्टी चिकटवून हे थांबत नाही, उगाच पैसे घालवू नका. लांब जा.

तिसरं, तारांना हात लावल्यावर बझ कमी होतो का? म्हणजे तारांचं ग्राउंड ठीक आहे, पण आतल्या खाचेला शील्डिंग कमी आहे. इथे मात्र तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की फरक पडतो. हात लावल्यावर बझ वाढला तर ग्राउंडची वायर सुटलीय किंवा जॅकला उलटी जोडलीय.

चौथं, बटण फिरवताना होणारी खरखर वेगळी. ती पॉटमधल्या घाणीची आणि आपल्या खाऱ्या हवेची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वाजवून झाल्यावर तारा सुक्या सुती फडक्याने पुसा.

पाचवं, दोन सिंगल कॉइल असलेल्या बऱ्याच बेसवर दुसरा पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो. दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की घरघर एकमेकींना मारते आणि सूर उरतो. फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजन बेसचा पिकअप दोन तुकड्यांत केला, त्यातही हीच युक्ती आहे.

सहावं, आणि हे वॉर्डनांनी सांगितलं असं समजून ऐका. घरघर जावी म्हणून अॅम्पच्या प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका. घरघर जाईल, पण अॅम्पमध्ये फॉल्ट आला तर करंट तारांमधून तुमच्या हातात येईल. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

आमची केस दुसऱ्या नंबरची निघाली. मी स्टेजच्या ज्या कोपऱ्यात उभा राहायचो, तिथेच पडद्यामागे लायटिंगचे डिमर ठेवलेले होते. बारा-पंधरा फूट पलीकडे, ड्रमच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि पंपहाऊस बंद पडलं. थोडी कुणकुण राहिली, ती गाण्यात ऐकू येत नव्हती. वर्गणी परत केली, अर्थात चहाचे पैसे कापून. पिकअप जुनाच आहे आणि उत्तम चालतोय.

मी त्या दिवशी आयर्न लावला असता तर कदाचित चांगला पिकअप मारून बसलो असतो आणि नवीनही तसाच घरघरला असता. मूस साहेबांच्या हातात साठ वर्षांची नोंद होती, माझ्या हातात सीनियरची गिटार. पण दोघांनाही आधी हेच शोधायचं होतं की दोष यंत्रात आहे की जागेत.

पुढच्या वेळी अलिबागला गेलात तर किल्ल्याकडे जाताना वेधशाळेच्या फाटकापाशी दोन मिनिटं थांबा. आत लोखंड नसलेल्या खोलीत सूर्याची नोंद चालू आहे. आणि कुणाची गिटार घरघरत असेल तर माझ्या खोलीवर जरूर या. वही आहे, स्क्रू ड्रायव्हर पण आहे. मात्र आधी व्हरांड्यात वाजवून बघू.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन