विनोबा : दुखरं पोट आणि तेरा वर्षांची पायपीट

आपल्या सोसायटीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत चांगलीच वाढली. कुणाला शुगर, कुणाला बी.पी., कुणाची अँजिओप्लास्टी झालेली. हल्ली एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे जमवायला लोक मॅरेथॉनसुद्धा पळतात, आणि त्यात आजारी माणसंही असतात. हे सगळं नवीन आहे असं आपल्या नातवंडांना वाटतं. म्हणून स्मरणिकेसाठी आचार्य विनोबा भावे यांच्याविषयी लिहायचं ठरवलं. विनोबा म्हटलं की भूदान एवढं आठवतं. पण ही चाल त्यांनी कोणत्या प्रकृतीवर केली, ते फारसं कुणी सांगत नाही.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. शिक्षण बडोद्याला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि मध्येच सुरतेला उतरून काशीला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले आणि तिथलेच झाले. १९२१ पासून वर्धा. सूतकताई, शेतीकाम, अभ्यास, अपुरं खाणं आणि मधूनमधून तुरुंग. धुळ्याच्या तुरुंगातली त्यांची गीतेवरची प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली, ते वर्ष १९३२.

प्रकृती पहिल्यापासून तोळामासा. १९३८ साली तर वजन ८८ पौंडांवर आलं. म्हणजे चाळीस किलो! मोठ्या माणसाचं हे वजन ऐकून आजचा डॉक्टर आधी ॲडमिट करील. गांधीजींनी त्यांना बोलावून कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहायला सांगितलं. विनोबांनी ठिकाण निवडलं ते वर्ध्याजवळचं पवनार, धाम नदीकाठचा जमनालाल बजाज यांचा रिकामा बंगला. ७ मार्च १९३८ रोजी ते तिथे गेले. आश्रमाच्या कामाची सगळी काळजी डोक्यातून काढून टाकायची असं ठरवूनच गेले.

तिथे त्यांनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कुदळ घेऊन शेतात खणायला सुरुवात केली, पण पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. मग थोडं थोडं वाढवत नेलं. मध्ये मध्ये थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा कुदळ मारायची. काही महिन्यांत दोन तासांपर्यंत मजल गेली आणि वजन १२८ पौंड झालं. आपल्याकडे जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत घरी बसणारे पुष्कळ आहेत, त्यांनी या पाच मिनिटांचा जरूर विचार करावा.

पण दुखणं काही संपलं नाही. पोटात ड्युओडेनल अल्सर होता. हिवतापही उलटून उलटून येई. त्या काळी अल्सरवर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. दूध घ्या, थोडं थोडं खा, विश्रांती घ्या, एवढाच सल्ला. हा व्रण बहुतेक वेळा एका जंतूमुळे होतो हे ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी पुढे शोधून काढलं. तो जंतू त्यांना प्रयोगशाळेत वाढवता आला तो १९८२ साली. त्याच वर्षी विनोबा गेले.

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा तिथे वर्ध्याहून पायी गेले, सुमारे तीनशे मैल. वय ५५. परतताना तेलंगणात शिरले, जिथे जमिनीवरून रक्तपात चालू होता. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मिळवून द्या म्हणून सांगितलं. विनोबांनी सभेतच गावकऱ्यांना विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून शंभर एकर देतो म्हणाले. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. गणिताचे ते शौकीन. देशातली लागवडीची जमीन तीस कोटी एकर धरली, तर सहावा हिस्सा पाच कोटी. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, ही मागणी तिथून निघाली. तेलंगणात ५१ दिवसांत बारा हजार एकरांवर जमीन मिळाली.

मग पंडित नेहरूंनी नियोजन आयोगाशी बोलायला दिल्लीला बोलावलं. (आपल्या नगरच्या किल्ल्यात १९४२ ते ४५ स्थानबद्ध होते, तेच नेहरू.) विनोबा येतो म्हणाले, पण पायी. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबर १९५१ ला पवनारहून निघाले ते नोव्हेंबरात दिल्लीला पोचले. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ असं चालतच राहिले.

आपल्या जिल्ह्यातून निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी जाते, त्यामुळे रोज इतके कोस चालणं म्हणजे काय ते नगरकरांना सांगायला नको. पण वारीला पंढरपूर असतं, आणि वारकरी नंतर घरी येतो. इथे मुक्काम रोज नवा आणि शेवट ठरलेला नाही. विनोबांनी दिवसाची आखणी पोटाला सांभाळून केली होती. पहाटे तीनला उठायचं, अंधारात कंदील घेऊन निघायचं, दहा-बारा मैल ऊन चढायच्या आत संपवायचे. आहार मुख्यतः दही आणि मध, तोही एकदम नाही, दिवसभरात थोडा थोडा. दुपारी भेटीगाठी आणि सभा, संध्याकाळी प्रार्थना, आणि लवकर झोप.

सगळंच काही जमलं असं नाही. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडिलला हिवतापाने गाठलं. हा तापही जिवावर बेतणारा होता. विनोबा औषध घेईनात. देशभर काळजी पसरली. शेवटी मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांनी गळ घातली तेव्हा घेतलं. माझं स्पष्ट मत आहे की तो हट्ट चुकीचा होता, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो कित्ता गिरवू नये. बरे होऊन ते पुन्हा चालायला लागले आणि एकट्या बिहारात वीस लाखांहून जास्त एकर जमीन मिळाली.

१९५८ साली महाराष्ट्रात आले. मे महिन्यात पंढरपूरला अन्य धर्मांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी विठ्ठलाचं दर्शन घेतलं. ज्ञानेश्वरी हा त्यांचा जन्माचा सोबती, आणि ती सांगितली गेली ते नेवासे आपल्याच जिल्ह्यातलं. पुढच्या वर्षी काश्मीर. पीर पंजालच्या अलीकडे पावसाने अडवलं. डोंगर ओलांडता आला नाही तर मागे फिरायचं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पाऊस थांबला आणि तेरा हजार फुटांहून उंच असलेली ती वाट या अल्सरच्या पेशंटने ६३ व्या वर्षी पायी ओलांडली.

१० एप्रिल १९६४ ला ते पवनारला परतले. तेरा वर्षं झाली होती.

आता हिशोब. बँकेत आयुष्य गेल्यामुळे तो मांडल्याशिवाय राहवत नाही. पाच कोटींपैकी सुमारे ४२ लाख एकर जमीन मिळाली. प्रत्यक्ष वाटली गेली ती जेमतेम एक तृतीयांश. बरीच खडकाळ निघाली, काही वादातली, काहींचे कागदच झाले नाहीत. सभेत हात वर करून दिलेली जमीन आणि सातबाऱ्यावर नाव चढलेली जमीन यात किती अंतर असतं, हे शेतीकर्ज वाटणाऱ्याला विचारा. म्हणून काहीजण भूदान फसलं म्हणतात. पण जे बारा-तेरा लाख एकर भूमिहीनांकडे गेले, ते एक छटाक रक्त न सांडता गेले. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवरून पुष्कळ लोक रागावले, मीही त्यांतलाच. पण चाललेले मैल त्यामुळे कमी होत नाहीत.

नंतर बिहारात पुन्हा फिरले, पण मोटारीने. शरीराने नाही म्हटलं ते त्यांनी ऐकलं. १९७० पासून पवनार सोडलं नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. थोड्याच दिवसांत त्यांनी अन्न, औषध आणि पाणी घेणं बंद केलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी, ज्या धाम नदीकाठी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पाच मिनिटं कुदळ मारून सुरुवात केली होती, तिथेच ते गेले. वय ८७.