डेनिस गाबोर

भर समुद्रात पहारा देणाऱ्या युद्धनौकेच्या रडारवर एक ठिपका चमकतो. काहीतरी येत आहे, ते कोणत्या दिशेस व किती दूर आहे, एवढे तो सांगतो. परंतु ते विमान आहे की क्षेपणास्त्र, हे नुसत्या ठिपक्यावरून कसे ओळखावे? ठिपक्याच्या जागी आकृती उमटविणारी विद्या ज्या तत्त्वावर उभी आहे, ते डेनिस गाबोर यांनी शोधून काढले. नवल असे, की ऐन युद्धकाळात याच गृहस्थांना गुप्त कामापासून दूर ठेवण्यात आले होते.

गाबोर यांचा जन्म ५ जून १९०० रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. लहानपणीच त्यांनी भावाच्या सोबतीने घरात प्रयोगशाळा थाटली होती. पुढे बर्लिनमध्ये शिकून ते तेथेच संशोधन करू लागले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कुळातील गाबोर यांना जर्मनी सोडावी लागली. इंग्लंडातील रग्बी या गावी विजेची यंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीत त्यांना काम मिळाले. महायुद्धात त्याच कंपनीत रडारचे भाग तयार होत. हंगेरी शत्रुपक्षात गेल्याने गाबोर परके ठरले; पहाऱ्याच्या कुंपणाबाहेर त्यांच्यासाठी निराळी खोली बांधण्यात आली. दुसऱ्या कोणाचे मन अशाने विटले असते. गाबोर त्या खोलीत बसून काम करीत राहिले.

१९४७ च्या ईस्टरच्या सुटीत, टेनिस खेळण्यासाठी पाळीची वाट पाहत ते बाकावर बसले असता त्यांना एक युक्ती सुचली. मुलांनो, भवानीनगरच्या उसाच्या शिवारातील एखाद्या विहिरीत दोन खडे टाकले, तर लहरींत लहरी मिसळून पाण्यावर जाळी उमटते. कोठे शिखराला शिखर मिळते, कोठे शिखर दरीत विरते. प्रकाशाच्याही लहरीच असतात. साध्या छायाचित्रात त्यांचा जोर तेवढा नोंदला जातो. शिखर व दरी यांचा हिशेब हरवतो. वस्तूवरून आलेल्या लहरींत दुसऱ्या ठराविक लहरी मिसळून त्या जाळीचेच चित्र घ्यावे, म्हणजे दोन्ही हिशेब शाबूत राहतील, असे गाबोर यांना दिसले. ‘संपूर्ण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्या चित्रास होलोग्राम हे नाव दिले.

योग्य प्रकाशाअभावी ही युक्ती बरीच वर्षे अडून राहिली. लेसर १९६० मध्ये आला. मात्र १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ हे विमानातील रडारवर काम करता करता स्वतंत्रपणे याच तत्त्वापाशी पोचले होते. १९७१ मध्ये गाबोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

आज सागरी टेहळणीच्या रडारांत परतलेल्या लहरींची अशीच दुहेरी नोंद ठेवतात. लाटांवर डोलणारे जहाज किंवा वळण घेणारे विमान आपल्या निरनिराळ्या बाजू रडारला दाखविते, आणि ठिपक्यातून हळूहळू डोलकाठी, पंख, शेपूट आकार घेऊ लागतात.