संत जनाबाईंची नाममुद्रा आणि यूएसबी पोर्टचं नाव

संत जनाबाईंचा जन्म तेराव्या शतकातला, परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडचा. परंपरा सांगते की लहानपणीच वडिलांनी त्यांना पंढरपूरला दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवलं. दळण, कांडण, झाडलोट, शेण-गोवऱ्या ही रोजची कामं. दामाशेटींचे चिरंजीव म्हणजे संत नामदेव. याच घरात कामं करता करता जनाबाई अभंग रचू लागल्या.

तेव्हा छापखाना नव्हता, अभंग तोंडातोंडी फिरायचे. कोणता कोणाचा, हे शेवटी गुंफलेल्या नावावरून, म्हणजे नाममुद्रेवरून कळायचं. पण नाव सारखं असलं की घोळ. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हे दुसरे कवी झाले आणि त्यांच्या रचना नामदेवांच्या अभंगांत मिसळल्या. जनाबाई मात्र अनेक अभंगांत आपल्या नावाला नामदेवांचं नाव जोडतात. मी कोण आणि कोणाच्या घरची, दोन्ही एकत्र.

लिनक्समध्येही नेमका हाच प्रश्न येतो. लॅपटॉपला अर्डुइनो नॅनो आणि यूएसबी जीपीएस लावलं, तर आधी सापडेल ते टीटीवाययूएसबी०, नंतरचं टीटीवाययूएसबी१. रीस्टार्टनंतर क्रम उलटू शकतो. मग बोर्डसाठीची कमांड जाते जीपीएसला!

उपाय आहे यूडेव्ह. पोर्टच्या नुसत्या नंबरवर भरवसा न ठेवता, ते पोर्ट ज्या यूएसबी उपकरणाचं आहे त्याची माहिती तो बघतो: व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, सिरियल नंबर. ही माहिती आणि आपल्याला हवं ते नाव एका नियमात लिहून ठेवा. उपकरण कधीही लावा, त्या नावाची लिंक त्याच्याकडेच जाते. सीएच३४० चिपच्या स्वस्त बोर्डांना बरेचदा सिरियल नंबरच नसतो. असे दोन सारखे बोर्ड असतील तर कोणत्या सॉकेटला काय लावलंय, त्यावरून नियम करावा लागतो. मग सॉकेट बदलायचं नाही.

परंपरेनुसार १३५० साली पंढरपुरात जनाबाईंनी देह ठेवला. त्यांचे तीनशेहून जास्त अभंग आपल्यापर्यंत आले ते नामदेवांच्या गाथेतून. घरकाम करणाऱ्या बाईची वेगळी वही कोण जपणार होतं? पण नाममुद्रा होती, म्हणून एवढ्या मोठ्या गाथेतही जनाबाईंचे अभंग वेगळे ओळखता येतात.