एका डॉलरचे पेटंट

१४ नोव्हेंबर हा दिवस आपण बालदिन म्हणून साजरा करतो. याच तारखेला, १८९१ साली, कॅनडातील ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. म्हणूनच हा दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो.

१९१६ साली टोरांटो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन बँटिंग महायुद्धावर गेले. १९१८ मध्ये ते जखमी झाले. शौर्याबद्दल पदक मिळाले; पण परत येऊन दवाखाना थाटला तर रोगी फिरकेनात! पहिल्या महिन्याची कमाई अवघी ४ डॉलर.

ऑक्टोबर १९२० च्या अखेरीस स्वादुपिंडावरील एक लेख वाचून त्यांना नवी कल्पना सुचली. टोरांटोच्या प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी प्रयोगशाळा, कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण मदतनीस दिला. पुढे कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्सनला तो टोचण्यात आला. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्याने मुलगा सावरला. तोवर अशा मुलांपुढे उपासमार आणि मृत्यू एवढेच असे.

आता प्रश्न उभा राहिला, हे ज्ञान कोणाचे? दुसऱ्या कोणी पेटंट घेतले तर सर्वांचीच वाट अडणार. म्हणून पेटंट घेणे भाग होते. वैद्याने औषधावर हक्क सांगू नये, या भावनेने बँटिंग प्रथम आपले नाव देण्यास तयार नव्हते. कायद्याच्या अडचणीमुळे ते पुढे घालावे लागले. १९२३ च्या जानेवारीत तिघांनी आपले हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

विद्यापीठाने समिती नेमली. ती परवाने देई आणि औषधाचा दर्जा तपासून घेई. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणे विद्यापीठाला झेपत नव्हते, म्हणून अमेरिकेतील एलाय लिली कंपनीशी करार झाला. परंतु कंपनीने सुधारित पद्धतीवर स्वतःचे पेटंट मागितले, तेव्हा मक्तेदारी टाळण्यासाठी समितीला झगडावे लागले. ब्रिटनमधील हक्क तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेकडे गेले. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ क्रोग स्वतः टोरांटोला आले आणि परवानगी घेऊन परतले. त्यांच्या पत्नीलाच मधुमेह होता. परवान्यांतून आलेला पैसा विद्यापीठाने संशोधनाकडे वळवला.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील निम्मा वाटा बेस्ट यांना दिला. फेब्रुवारी १९४१ मध्ये न्यूफाउंडलंड येथे विमान अपघातात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

पुढे इन्शुलिनचे नवे प्रकार निघाले, त्यांवर कंपन्यांची नवी पेटंटे आली. आजही गरीब देशांतील अनेक रोग्यांना हे औषध परवडत नाही. आपल्या विद्यापीठांतही आता पेटंटविषयक कक्ष निघाले आहेत. तेथे अर्ज भरताना त्या तीन डॉलरांची आठवण ठेवायला हवी. पेटंट घेण्यात गैर काही नाही. ते घेऊन दार कोणासाठी उघडायचे, हे मात्र आपणच ठरवायचे असते.