राजा गिऱ्हाईक झाला तेव्हा : शाहू महाराज आणि गंगाराम कांबळेंचे हॉटेल

राजर्षी शाहू महाराज म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांना दोन गोष्टी चटकन आठवतात : १९०२ चे आरक्षण आणि १९२० ची माणगाव परिषद. कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवर एका महार माणसाच्या हॉटेलात त्यांनी चहा घेतला, ही गोष्ट मात्र आपण किस्सा म्हणून सांगतो आणि पुढे सरकतो. दर्यापूर-बनोसा भागात तरुणांसोबत काम करताना आम्हाला वाटते की स्वतःचा धंदा उभा करू पाहणाऱ्या आपल्या पोरांना आज सर्वांत जास्त गरज याच गोष्टीची आहे. म्हणून महाराजांचे आयुष्य या लेखात त्या हॉटेलाच्या बाजूने पाहू.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. कोल्हापूरची गादी रिकामी होती. १८८४ साली राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचा मुलगा शाहू छत्रपती झाला. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी कारभार हाती घेतला. तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते. राज्य छत्रपतींचे असले तरी लेखणी दुसऱ्यांच्या हातात होती.

जातीची झळ खुद्द राजालाही लागली. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले. राजा असला तरी त्यांच्या लेखी तो शूद्रच. या प्रसंगानंतर महाराज एकट्याचा मान मिळवून थांबले नाहीत. गादीवर बसलेल्याची ही गत, तर गावकुसाबाहेरच्यांचे काय होत असेल, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या सगळ्या कारभारात दिसतो.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडमध्ये असताना, मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. १९१७ मध्ये सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आले. १९१८ मध्ये महार वतन रद्द करून जमिनी त्यांच्या नावे करण्यात आल्या. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांसोबत बसवण्याचा आदेश निघाला.

पण पोट शाळेच्या दाखल्यावर भरत नाही, हेही महाराज जाणून होते. कारभार हाती आल्यावर वर्षभरातच, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. कोल्हापूरचा गूळ तिथून दूरवर गेला. १९०६ मध्ये सूतगिरणीचा पाया घातला. बाजार कसा उभा राहतो आणि कसा बसतो, हे या राजाला ठाऊक होते. त्याच नजरेने त्यांनी गंगाराम कांबळेंकडे पाहिले.

गंगाराम महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर हकिकत कानावर आली आणि मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली. एखादा न्यायी राजा इथेच थांबला असता. शाहू महाराजांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले आणि त्यासाठी मदतही केली. ज्या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मार बसला होता, त्यानेच शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावर लोकांना चहा पाजायला दुकान थाटले. हॉटेलाचे नाव सत्यसुधारक.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. हॉटेल चकाचक, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? रस्त्याने माणसे जात, पाटी वाचत आणि पुढे निघून जात. भट्टी पेटलेली, दूध तापलेले आणि बाकडी रिकामी, हा तोटा कोणत्याही हुकमाने भरून निघत नाही. राजा कायदा करू शकतो, कर्ज देऊ शकतो, पण लोकांच्या घशात चहा ओतू शकत नाही.

महाराजांनी मग साधी गोष्ट केली. ते स्वतः गिऱ्हाईक झाले. त्यांची गाडी भाऊसिंगजी रोडवर हॉटेलासमोर थांबू लागली. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, ते गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी प्यायलेला चहा नाकारायचा कसा? राजवाड्यात बोलावून गुपचूप चहा घेतला असता तर गंगारामांचा मान वाढला असता, धंदा वाढला नसता. दुकान चालते ते उघड्यावर दिसणाऱ्या गिऱ्हाइकावर.

याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांचे मूकनायक निघाले. त्यासाठी महाराजांनी २५०० रुपये दिले. मार्चमध्ये माणगावला त्यांनी बाबासाहेबांकडे अस्पृश्यांचे नेते म्हणून बोट दाखवले. ३० मे ते १ जून १९२० या दिवसांत नागपूरला झालेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. म्हणजे हा राजा आपल्या विदर्भाच्या मातीतही येऊन गेला आहे. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. त्यांचे पहिले स्मारक कोल्हापूरच्या नर्सरी बागेत उभे राहिले, आणि ते उभारण्यात पुढाकार होता गंगाराम कांबळेंचा. ज्याच्या हॉटेलात राजा चहा प्यायला, त्याने राजाची आठवण दगडात कोरली.

नागपूर परिषदेला बरोबर एक वर्ष होत असताना, ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी, अमेरिकेतल्या टल्सा शहरात गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांची ग्रीनवुड ही भरभराटीची पेठ जाळून टाकली. दुकाने, हॉटेले, घरे राख झाली. पुढे १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी काळ्या प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावात कुठे जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, कुठे अपमान होणार नाही, याची ती यादी होती. आजही तिथले अनेक लोक जुन्या वस्त्यांमध्ये काळ्यांच्या मालकीची दुकाने मुद्दाम शोधून खरेदी करतात. समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांना सन्मानाने वागवणारी हॉटेले इंद्रधनुषी झेंडा लावतात. आपल्याकडे अशी यादी नाही, पण गरज नाही असे कोण म्हणेल?

आमच्या तालुक्यात फिरताना आम्हाला आपल्या पोरांची दुकाने दिसतात : चहाची कँटीन, मोबाइल दुरुस्ती, शिवणकाम, मंडप डेकोरेशन. बऱ्याच पाट्यांवर मालकाचे आडनाव नसते. निळा रंगही टाळलेला असतो. विचारले तर पोरं हसून विषय बदलतात. कारण सरळ आहे : आडनाव कळले की काही गिऱ्हाईक तुटते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया योजनाही सुरू झाली होती. कागद पूर्ण केले, बँकेच्या चकरा मारल्या तर भांडवल मिळूही शकते. पण एकही योजना सकाळी सात वाजता गिऱ्हाईक आणून देत नाही. ते काम समाजाचे आहे.

आणि समाज काय करतो? चौदा एप्रिलला आपल्या वस्त्यांमधून मंडप, डीजे, बॅनर, जेवण, कपडे यांवर मोठा पैसा बाहेर जातो. त्यातला किती आपल्या माणसाच्या गल्ल्यात पडतो, याचा हिशेब प्रत्येक जयंती मंडळाने एकदा कागदावर मांडावा.

याला दुसरी बाजूही आहे. आपले दुकान आपल्या माणसाचे असणे पुरेसे नाही, ते सर्वांसाठी उघडे असले पाहिजे. बाजारात टाळी वाजवून पैसे मागणारी तृतीयपंथी व्यक्ती बाकड्यावर बसून चहा मागते तेव्हा आपल्या कँटीनमध्ये काय होते? तिला आत बसवतात की कागदी कप हातात देऊन वाटेला लावतात? वेगळा कप काय असतो, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तोच कप आपल्या दुकानातून दुसऱ्याच्या हातात गेला, तर गंगारामांची बाजू आपणच सोडली असे होईल.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. संविधान सभेत बाबासाहेबांनी दुकान या शब्दाचा अर्थ व्यापक घेतला : जो कोणी लोकांना आपली सेवा देतो, तो त्यात आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली आणि लिंगावरून भेद करायचा नाही या तरतुदीत लिंगओळखही येते, असे सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. म्हणजे ज्या कलमाने आपल्यासाठी हॉटेलचे दार उघडले, त्याच कलमाने त्यांच्यासाठीही ते उघडले आहे. दार एकच आहे. आपण आत गेल्यावर ते लावून घेता येणार नाही.

म्हणून तरुण मित्रांना आमची विनंती आहे. आपल्या गावातल्या आणि तालुक्यातल्या आपल्या माणसांच्या दुकानांची यादी करा. दुकानदाराला विचारून, त्याची तयारी असेल तरच नाव घाला, कारण आडनाव उघड करण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. प्रत्येक दुकानापुढे आणखी एक नोंद करा : इथे तृतीयपंथी, अपंग, एकटी बाई, परगावची मजूर माणसे सन्मानाने बसू शकतात का? आणि उधारी करू नका. आपला माणूस म्हणून उधार मागणारा गिऱ्हाईक दुकान बुडवतो, चालवत नाही.

येत्या २६ जूनला महाराजांच्या फोटोला हार घालून झाला की सगळ्यांनी मिळून अशा एखाद्या कँटीनवर जावे. ज्यांना कुणी सोबत बसवत नाही त्यांना सोबत घ्यावे, बाहेरच्या बाकड्यावर रस्त्याकडे तोंड करून बसावे आणि रोख पैसे देऊन चहा घ्यावा. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिले पाहिजे.

जयभीम, जय शाहू!