धीराची विदुषी : रेचेल कार्सन

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवली ती आपल्या जिल्ह्यातील २०१७ सालची फवारणी. त्या हंगामात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. विषबाधा होऊन शेकडो शेतकरी व मजूर दवाखान्यात गेले. जिल्ह्यात वीसहून अधिक दगावले. आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या बाईंचा मुलगाही डोळ्यांपुढे अंधारी येऊन आठ दिवस खाटेवर होता. औषधात दोष नाही, हातमोजे न घालणाऱ्याचाच दोष, असे तेव्हा पुष्कळ ऐकू आले. अशाच बोलण्याला एकटीने तोंड देणाऱ्या कार्सनबाईंची ही हकीकत आहे.

बाईंचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेत स्प्रिंगडेल या गावी झाला. पाखरांची व रानाची गोडी त्यांना आईने लावली. १९३२ साली त्या प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्या. पुढे वडील वारले, पाठोपाठ बहीणही गेली. वृद्ध आई व दोन भाच्या यांचा भार बाईंवर पडला. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी करून उरल्या वेळात त्या लिहीत. १९५१ साली समुद्रावरील पुस्तकाने त्यांचे नाव झाले. १९५७ साली एक भाची वारली, तेव्हा तिच्या पाच वर्षांच्या मुलालाही त्यांनी पदरात घेतले.

१९५८ साली एका ओळखीच्या बाईंचे पत्र आले. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारल्यावर त्यांच्या अंगणातील पाखरे मेली होती. कार्सनबाईंनी चार वर्षे शास्त्रज्ञांचे पुरावे जमविले आणि १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. सगळी औषधे फेकून द्या, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परिणाम न तपासता व लोकांना न सांगता विष पसरू नये, एवढेच त्या सांगत होत्या.

कारखानदार खवळले. वेल्सिकॉल कंपनीने प्रकाशकाला कायद्याचा धाक घातला. मॉन्सँटोने विडंबन छापून, औषधांवाचून देशाची अन्नान्नदशा होईल असे चित्र रंगविले. बाई भावनाप्रधान आहेत, अविवाहित आहेत, असेही हिणविले गेले. पुरावा खोडता येईना. पण लोकांच्या मनात शंका राहिली तरी त्यांचे काम भागत होते.

या काळात बाईंना स्तनाचा कर्करोग होता. आजारी बाईचा हा आकस आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी तो बाहेर कळू दिला नाही. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या शास्त्रज्ञांच्या समितीने बहुतांशी त्यांचीच बाजू खरी ठरविली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, बाई निवर्तल्या. अमेरिकेत शेतीतील डीडीटीवर बंदी आली ती १९७२ साली.

भगिनींनो, हातमोजे हवेतच. पण सारा दोष मजुराच्या हातांवर टाकला की बाटलीत काय होते, हे विचारायचे राहून जाते. म्हणून घरातील कोणी फवारणीला गेले, तर रिकामी बाटली व तिच्यावरची चिठ्ठी जपून ठेवा. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्हींची नावे व तारीख लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्या. डॉक्टरांना उपचार करणे सोपे जाईल, आणि उद्या कोणी शंका काढलीच, तर दाखवायला पुरावा आपल्या हाती राहील.