कवट्यांची मापे आणि कुळाची ओळख

मूळचे कुठले, हा प्रश्न पेणकरपाड्यात राहणाऱ्या माणसाला वर्षातून किती वेळा विचारला जातो, याची गणती कोणी ठेवीत नाही. खोली भाड्याने घेताना तो येतो, मुलाचे नाव शाळेत घालताना येतो, आणि लग्नाची बोलणी सुरू झाली की सर्वांत आधी येतो. वास्तविक या वस्तीच्या नावातच त्याचे अर्धे उत्तर आहे. पेणकर म्हणजे पेणचा. नावाची घडणच कोणी तरी कोठून तरी आल्याचे सुचविते. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती, आणि ती वाढली ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांनी. २०२५ च्या जुलैत याच शहरात मराठीच्या प्रश्नावरून मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले. भाषेचा आग्रह रास्त आहे, त्याबद्दल प्रस्तुत लेखकास शंका नाही. परंतु भाषेचा आग्रह धरणे निराळे आणि रक्ताच्या आधारे माणसांची मूळचे व उपरे अशी वाटणी करणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीची शहानिशा एका मराठी बाईने आयुष्यभर केली, आणि तीही हातात मोजमापाची हत्यारे घेऊन. तिचे स्मरण म्हणूनच आज करावेसे वाटते.

इरावती कर्वे यांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. मराठी वाचकाला त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक असतात, फार तर स्कूटरवरून पुणे शहरात हिंडणारी पहिली बाई म्हणून. २०२४ साली त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक थिआगो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलेले ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, आणि इरावतीबाईंच्या बर्लिनमधील दोन वर्षांकडे लोकांचे लक्ष नव्याने गेले. नातीने आजीविषयी लिहावे आणि त्यात वंशशास्त्राचा सर्वांत काळा अध्याय यावा, हा योग विरळा म्हटला पाहिजे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. मुलीचे नाव ठेवले ते त्या देशातील नदीवरून. म्हणजे मूळचे कुठले या प्रश्नाची पंचाईत नावापासूनच सुरू झाली. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्या पुण्याला हुजूरपागेत आल्या. तेथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण लाभली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरात इरावती घरच्यासारख्या वाढल्या. जन्मदात्यांचे घर ब्रह्मदेशात आणि संस्कारांचे घर फर्ग्युसनच्या परिसरात, अशी ही दोन घरांची मुलगी. पुढे त्यांनी कुळाचा आणि आप्तसंबंधांचा जो ध्यास घेतला त्याची मुळे येथे शोधण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली त्या पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकू लागल्या. १९२८ च्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. गोरा रंग आणि घारे डोळे यांचा या जातीतील काहींना केवढा अभिमान असे, आणि त्यावरून समुद्रापलीकडच्या पूर्वजांच्या किती कहाण्या रचल्या गेल्या, हे कोकणातल्या कोणालाही सांगावयास नको. वंशाच्या प्रश्नाला त्यांनी हात घातला तो घरातून, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सासर तर त्याहून विलक्षण. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या जातबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्या विवाहातून झालेल्या दिनकररावांशी इरावतीबाईंचे लग्न झाले. ज्या घराला त्याच्याच जातीने एके काळी दाराबाहेर ठेवले, त्या घरात जातीचा अभ्यास करणारी सून आली. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. बायकोनेही तेथे जावे असे त्यांना मनापासून वाटे. विरोध आला तो ज्यांच्याकडून येऊ नये त्यांच्याकडून. हजारो मुलींना शिक्षणाची वाट उघडून देणाऱ्या महर्षींना सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. मोठ्या माणसांच्या घरी अशा विसंगती असतातच, त्या झाकण्यात काही हशील नाही. अखेर डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाच्या आधाराने १९२८ च्या अखेरीस त्या निघाल्या.

ज्या संस्थेत त्या गेल्या तिचे नाव कैसर विल्हेल्म मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजनन संस्था. बर्लिनच्या डाह्लेम भागात ती १९२७ साली स्थापन झाली होती आणि तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. हे गृहस्थ कोण होते ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नैऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत हेरेरो व नामा लोकांचा संहार १९०४ ते १९०८ या काळात झाला. संहार सरत असताना, १९०८ साली, फिशर तेथे गेले आणि रेहोबोथ येथील मिश्र कुळांची मापे घेऊन आले. त्यावरील त्यांच्या १९१३ च्या ग्रंथाने त्यांना कीर्ती मिळाली. त्याचा रोख असा की संकर हा वंशाचा ऱ्हास आहे. अशा गुरूच्या हाताखाली काळ्या केसांची, नऊवारी-पाचवारीच्या देशातून आलेली ही विद्यार्थिनी बसली.

विषय देण्यात आला तो मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीची डावी व उजवी बाजू सहसा तंतोतंत सारखी नसते. युरोपीय माणसाच्या कवटीत ही तफावत अधिक असावी आणि ती त्याच्या अधिक विकसित मेंदूची खूण असावी, अशी फिशर यांची अटकळ होती. म्हणजे उत्तर ठरलेले होते; मापे तेवढी घ्यावयाची होती. इरावतीबाईंनी युरोपीय कवट्या मोजल्या, तशाच आफ्रिकेतल्या व इतर प्रदेशांतल्याही मोजल्या. हे काम किती कंटाळवाणे असते हे प्रयोगशाळेत बसलेल्यांनाच कळेल. एकेका हाडावरील ठरावीक बिंदू गाठायचे, अंतरे टिपायची, डावी-उजवीची वजाबाकी मांडायची, आणि मग पुढची कवटी उचलायची. निष्कर्ष असा निघाला की असमानता सर्वच मानवसमूहांत आढळते आणि वंशाशी तिचा संबंध जोडता येत नाही. गुरूचे गृहीतक त्यांच्या आकड्यांत टिकले नाही. त्यांनी तसे लिहिले, १९३० साली बर्लिन विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्या परत आल्या.

याला बंड म्हणावे काय? आज तसे म्हणण्याची प्रथा पडू लागली आहे, पण त्यात थोडी घाई होते. त्यांनी घोषणा केली नाही. आकडे जे म्हणाले ते मांडले, इतकेच. परंतु १९३० च्या बर्लिनमध्ये, परक्या देशाच्या, गुलाम देशाच्या, पंचविशीतल्या बाईने तेवढे करणे हीही लहान गोष्ट नव्हे. अवघ्या तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील मिश्र रक्ताच्या मुलांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणात त्यांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी भाग घेतला. मोजपट्टी तीच होती.

आणखी एक गोष्ट मनात सलते. त्या काळी बर्लिनमध्ये ज्या कवट्या ठेवल्या होत्या, त्यांतील कितीतरी वसाहतींतील कबरी उकरून, रणांगणावरून उचलून, नातलगांना न विचारता आणलेल्या होत्या. २०२३ साली बर्लिनच्या संग्रहातील पूर्व आफ्रिकेच्या काही कवट्यांचे जिवंत वंशज टांझानियात सापडले. जनुकांच्या तपासणीने नाते जुळले. ज्यांना क्रमांक होता त्यांना नातवंडे-पतवंडे निघाली. इरावतीबाईंच्या हाताखालून गेलेल्या हाडांनाही घरे होतीच. पुढे आप्तसंबंधांवर प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या या विदुषीच्या मनात तेव्हा काय आले असेल, हे विचारावेसे वाटते.

परतल्यावरचा नोकरीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३१ ते १९३६ महिला विद्यापीठात कुलसचिव. १९३९ पासून अखेरपर्यंत डेक्कन कॉलेज. मात्र तेथे त्यांनी जे केले ते आपल्या मूळ प्रश्नाशी थेट भिडणारे आहे. मोजमापाची हत्यारे त्यांनी टाकून दिली नाहीत. महाराष्ट्रातील जातीजातींच्या लोकांची उंची, नाक, डोके त्या मोजीत राहिल्या, आणि १९५१ साली वि. म. दांडेकर यांच्यासह ती मापे प्रसिद्ध केली. यावर आक्षेप घेता येतो, तो घेतलाही गेला आहे. बर्लिनमध्ये वंशाची उतरंड नाकारणारी बाई पुण्यात येऊन जातींची डोकी कशाला मोजते? प्रस्तुत लेखकालाही हा आक्षेप निराधार वाटत नाही. शिवाय जात म्हणजे विस्तारलेले आप्तकुल अशी मांडणी करताना जातीतील उतरंडीचा जाच मागे पडतो. डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात आहे आणि जात म्हणजे वंश नव्हे, असे दाखविले होते. तो जाच भोगलेल्या माणसाची धार इरावतीबाईंच्या लेखनात क्वचितच येते.

तरीही त्या मापांतून निघालेले उत्तर कुलाभिमान्यांना सुखावणारे नव्हते. ब्राह्मण म्हणून एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्पावन, देशस्थ इत्यादी जाती एकाच मुळाच्या फांद्या नाहीत. एका धंद्याच्या वा दर्जाच्या नावाखाली निरनिराळे समूह एकत्र आले आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. कुंभारांचेही तेच. १९५३ च्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात तर त्यांनी सारा देश पालथा घातला. त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश ठरतो. भाषा उत्तरेच्या कुळातली, आणि मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत दक्षिणेची. अस्सल मराठी म्हणून जे आपण छातीशी धरतो तेच मुळात सांध्यावरचे आहे. लग्नाच्या बैठकीत मामाच्या मुलीचा विषय निघाला की आपण दक्षिणेशी नाते सांगत असतो, हे किती जणांच्या ध्यानी येते?

स्वतःच्या ओळखीविषयी त्यांनी लिहिले ते मात्र ललित निबंधांत. ‘परिपूर्ती’ हा लेख शाळा-महाविद्यालयांतून पुष्कळांनी वाचला असेल. सभेत परिचय करून दिला जातो तो अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी असा. बाईंना काही तरी राहिल्यासारखे वाटते. आणि वाटेत खेळणाऱ्या मुलांपैकी एक जण दुसऱ्याला ती आपल्या वर्गातल्या मुलाची आई असल्याचे सांगतो, तेव्हा त्यांना परिचय पुरा झाल्यासारखा वाटतो. आजच्या काही वाचकांना हा शेवट रुचत नाही. एवढ्या विदुषीने आईपणावर थांबावे काय, असे ते विचारतात. पण बर्लिनमध्ये हाडांवरून माणसाची ओळख ठरविण्याचा खटाटोप पाहिलेल्या बाईने एका पोराच्या बोलण्यातून आपली ओळख स्वीकारली, हे ध्यानात घेतले की लेखाचा रंग पालटतो. त्यांच्याच घरात दिनकरराव जुन्या मराठी आत्मकथनांचे इंग्रजी भाषांतर करीत होते. पाच मराठी कुटुंबांच्या आठवणींचे ते पुस्तक १९६३ साली अमेरिकेत निघाले.

वारीवरील लेखात त्यांना दुःख झाले ते एकत्र अभंग म्हणणाऱ्या, पण जेवताना ब्राह्मण आणि मराठे अशा वेगळ्या पंक्ती मांडणाऱ्या दिंडीचे. तेथे मोजपट्टीचा उपयोग नव्हता.

फिशर दीर्घायुषी झाले. युद्धानंतर त्यांना जर्मन मानववंशशास्त्रज्ञांच्या संस्थेने सन्माननीय सदस्यत्व दिले, आणि १९५९ साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. नाव, मृतांच्या भेटीगाठी अशा अर्थाचे. ते १९६७ साली वारले. त्याच वर्षी ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले, ज्यात एका कुळाने आपल्या कुलाभिमानापायी केलेला सर्वनाश इरावतीबाईंनी उलगडला आहे.

११ ऑगस्ट १९७० रोजी, चौसष्टाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. त्याच्या आदल्या वर्षी कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली कोयना धरणग्रस्तांची पाहणी छापून आली होती. उठविलेली माणसे कोठे गेली, त्यांना जमीन कसली मिळाली, भावकी एकत्र राहिली की विखुरली, याची ती नोंद आहे. त्या लोकांना मूळचे कुठले असे विचारले तर दाखवायला गाव उरले नव्हते. ते शिवसागराच्या पाण्याखाली होते.